अबोला

भावजय: म्हणून म्हणते ताई, माझी चिठ्ठी तुम्ही घ्या, तुमची मला द्या. कुणाला कळणार आहे?

नणंद: महिना संपत आला आता. उद्या चर्चच्या उपासनेत उभं राहून नाव सांगायचंय, आणि तू आज चिठ्ठ्या बदलायला निघालीस. टोक धर नीट. दवाखान्याची चादर आहे, साप नाही.

भावजय: धरलंय. तुम्हीच ओढता जास्त.

नणंद: ओढल्याशिवाय सुरकुती जात नाही. हं, आता ये माझ्याकडे. दे. आणि कुणाचं नाव निघालंय तुझ्या चिठ्ठीत?

भावजय: सांगायचं नसतं. पाळकांनी बजावलंय. डब्यातून नाव उचलायचं, रोज त्या माणसासाठी प्रार्थना करायची आणि महिनाभर तोंड उघडायचं नाही.

नणंद: बदलायचंही नसतं. ते बरं विसरलीस. कुणाचं?

भावजय: तुमचं.

नणंद: माझं? आणि ती चिठ्ठी मलाच देत होतीस? म्हणजे उद्या मी उठून सांगू, महिनाभर मी माझ्यासाठीच गुडघे टेकले? लोक म्हणतील, म्हातारी चांगलीच पोचलेली निघाली.

भावजय: हसू नका. मला रडू येतंय.

नणंद: रड की. इस्त्री व्हायचीय, चादर अजून ओलीच आहे, कळणार नाही. पण झालं काय? नाव माझं निघालं तर एवढं तोंड पाडायला मी काय खाष्ट सासू आहे?

भावजय: मी एक दिवससुद्धा प्रार्थना केली नाही, ताई. एकही.

नणंद: ठाऊक आहे.

भावजय: कसं ठाऊक?

नणंद: बाकावर तुझ्या शेजारी कोण बसतं? सगळे डोळे मिटून प्रभूपुढे रडतायत, आणि माझ्या कानाशी तुझं चाललेलं असतं, एकोणीस साते एकशे तेवीस. अगं, तेहेतीस. पाढेच म्हणायचेत तर निदान बरोबर म्हण. माझी सगळी प्रार्थना त्या दहामध्ये अडकते.

भावजय: ऐकू जातं?

नणंद: पुढच्या बाकावरच्या शिंपीणबाई म्हणत होत्या, तुमची भावजय काय मनापासून प्रार्थना करते हो, ओठ थांबत नाहीत. मी म्हटलं, हो, हिशेबी बाई आहे.

भावजय: ओठ हलवले नाहीत तर विचारतात ना. बरं आहे का, मन लागत नाही का, आम्ही हात ठेवून प्रार्थना करू का. नको मला कुणाचे हात. तेव्हा ठेवले तेवढे पुरले.

नणंद: ती खोळ बाजूला टाक. डाग गेला नाही तिचा, परत धुवायला जाऊ दे.

भावजय: तुम्ही विषय बदलताय.

नणंद: मी खोळ बदलतेय. बोल तू.

भावजय: काय बोलू? याच दवाखान्यात, वरच्या वॉर्डात, हे पडलेले होते. सगळी मंडळी बाहेरच्या व्हरांड्यात हात वर करून उभी. उपास केले. पाळक म्हणाले, हा माणूस उठून चालत घरी जाणार, मला दिसतंय. त्यांना दिसलं. आणि नंतर तेच पाळक सांगायला आले, यात देवाची काहीतरी योजना असेल.

नणंद: योजना म्हणे. सरकारी कचेरी आहे का ती? माझा पाठचा भाऊ गेला आणि यांना योजना सुचते. मी तोंडावर सांगितलं त्यांना, पाळकसाहेब, ठाऊक नसेल तर गप्प बसायला काही लागत नाही.

भावजय: तुम्ही असं म्हणालात त्यांना?

नणंद: मग काय. त्यानंतर चार रविवार माझ्याशी हात मिळवताना नुसती बोटं पुढे करायचे. आता पुरा हात देतात. माणूस वाईट नाही, पण जीभ घाईची.

भावजय: आणि तरी तुम्ही प्रार्थना करता.

नणंद: करते. भांडते, करते, मध्येच डुलकी लागते, पुन्हा करते. आमचा धाकटा तर प्रार्थनेत घोरायचा. तू कोपराने ढोसलंस की "आमेन" म्हणून उठायचा, कुठलंही वाक्य चालू असो.

भावजय: एकदा ऐन उपदेशाच्या मध्ये म्हणाले होते. पाळकांना वाटलं, पटलं.

नणंद: हसलीस. बरं झालं. धर दुसरी.

भावजय: माझा देवाशी अबोला आहे, ताई. म्हणजे तो नाही असं नाही म्हणत मी. आहे. म्हणूनच तर बोलत नाही. नसता तर रुसले कुणावर असते?

नणंद: अबोला मलाही कळतो. आमच्या बाबांनी आणि काकांनी एकाच घरात किती वर्षं काढली न बोलता. "त्यांना सांगा, मीठ द्या." आणि मीठ दोघांच्या मध्ये.

भावजय: मग उद्या मी काय करू? उभं राहून खोटं सांगू? रोज सकाळी ताईंसाठी प्रार्थना केली म्हणून? इतर कुणाचं नाव असतं तर सांगितलंही असतं. तुमच्याबद्दल खोटं नाही बोलवत.

नणंद: का? मी कोण लागून गेले?

भावजय: सगळे बाहेर देवाला हाका मारत होते, आणि आत ह्यांची चादर भिजलेली. थंडीने कुडकुडत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही. तुम्ही इथून, धुलाईतून, सुकलेली चादर घेऊन वर आलात, मशीनमधून काढलेली, गरम. ह्यांनी ती हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि म्हणाले, आता बरं वाटतंय. आणि लोक बाहेर कुजबुजत होते, बहीण असून प्रार्थनेला थांबली नाही.

नणंद: सुरकुती पडतेय. ओढ.

भावजय: ताई, तुम्ही रडताय.

नणंद: चादर ओली आहे म्हटलं ना. पाळक उपदेशात विचारतात, तुमच्या जगण्याचा हेतू काय, शोधा. मी शोधला नाही बाई. रात्री कुणी ओल्यावर झोपू नये, एवढ्यावर माझं निभतं. तुला मोठा हेतू हवा असेल तर त्यांच्याकडे जा, त्यांच्याकडे भरपूर आहेत.

भावजय: मला उद्याचं सांगा.

नणंद: उद्याला अजून वेळ आहे. महिना आज रात्री संपतो. मी इथे समोर उभी आहे. कर प्रार्थना.

भावजय: आता? इथे?

नणंद: का, मशीनच्या आवाजात त्याला ऐकू येत नाही?

भावजय: अबोला आहे म्हटलं ना.

नणंद: मीठ मागायला अबोला आड येत नाही. माझा उजवा गुडघा दुखतो. जिना चढताना बाबा आठवतात, आजोबा आठवतात, सगळं खानदान आठवतं. एवढंच माग. बाकी तुमचं काय ते तुम्ही दोघं बघा.

(भावजय चादरीचं टोक सोडत नाही. डोळेही मिटत नाही.)

भावजय: देवा. मी तुझ्याशी बोलत नाहीये, हे तुला ठाऊक आहे. माझं काही काम नाही तुझ्याकडे. ही ताई आहे. हिचा गुडघा दुखतो. उजवा. तरी जिना चढून वर जाते. तू तेव्हा...

मुकादम: काय गं बायांनो, वरून चादरींसाठी फोनवर फोन येतायत आणि तुम्ही पुतळ्यासारख्या उभ्या. काय चाललंय?

नणंद: दोन मिनिटं. ती बोलतेय.

मुकादम: कुणाशी?

नणंद: तुमच्या साहेबाच्याही साहेबाशी. तक्रार तुमची नाहीये, घाबरू नका.

मुकादम: तुम्हा दोघींपुढे माझं काही चालत नाही. गठ्ठा तयार झाला की हाक मारा.

नणंद: गेला. हं, पुढे. "तू तेव्हा" म्हणत होतीस.

भावजय: नको. ते राहू दे. ते मोठं आहे. गुडघ्याचं तेवढं बघ म्हणावं. आमेन.

नणंद: आमेन.

भावजय: थोडं तरी कमी वाटतंय का?

नणंद: काडीचंही नाही. सणकतोय.

भावजय: बघितलंत?

नणंद: अगं, आत्ता कुठे महिन्याने एकदा तोंड उघडलंस, आणि लगेच पावती हवी. उद्या काय सांगशील?

भावजय: जे झालं ते. ताईंचं नाव निघालं होतं. महिनाभर पाढे म्हटले, तेही चुकीचे. शेवटच्या दिवशी गुडघ्यासाठी विचारलं. दुखणं तसंच आहे.

नणंद: शिंपीणबाईंना फेफरं येईल.

भावजय: येऊ दे. त्यांच्यासाठी ज्याच्याकडे चिठ्ठी आहे तो बघेल.

नणंद: आणि परवापासून? परवा डब्यातून नवीन नाव.

भावजय: नवीन नको. तुमचीच ठेवते. विचारीन रोज.

नणंद: आणि अबोला?

भावजय: तो आहे. तुमच्यापुरतं बोलेन.

नणंद: बरं. धर ते टोक.