म्युनिकच्या तलावावर

पोहण्याची फुशारकी मलाच कशी महागात पडली, ते ऐका. माझा साळा म्युनिकला नोकरीला होता. ऐंशीच्या आसपास त्यानं आम्हा नवराबायकोला आमच्या करडी गावाहून तिकडं बोलावलं आणि जुन्या ऑलिंपिकचं मैदान दाखवलं. तिथल्या तलावात तिकीट काढून कुणालाही पोहता यायचं.

"जिजाजी, वैनगंगा पार करता ना? मंग त्या वरच्या ओट्यावरून मारा उडी!"

मी चढलो. दहा मीटरवरून खाली पाहिलं आणि दोन पावलं मागे आलो. मागे जर्मन पोरं रांगेत उभी. उडी मारवेना, माघारी फिरायची लाज वाटे.

"भेता काहून? मारा!" साळा ओरडला.

मी ओट्याच्या टोकाकडे सरकलो. तेवढ्यात खालून बायकोची हाक आली.

"यशवंता! उतर खाली! मले माणूस पाह्यजे, उडी नाही!"

लग्नाला अठरा वर्षं झाली होती, तिनं माझं नाव कधी उच्चारलं नव्हतं. मी वळलो. पोरांनी वाट दिली. कठडा धरून एकेक पायरी उतरलो.

ती शेवटच्या पायरीशी येऊन थांबली होती. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकून हळूच म्हणाली, "करडीत सांगू नका, मी तुमचं नाव घेतलं म्हणून."