डोन्या नेलिडाची भिंत

पायसान्दू शहरातल्या बेकरीसमोरच्या रांगेत डोन्या नेलिडा पिशवी सावरत उभी होती. तिच्या पुढचे दोघे साठीचे गडी साऱ्या रांगेला ऐकू जाईल असे भांडत होते.

"आपला यामिल देशाच्या फुटबॉल संघात! एकोणिसाव्या वर्षी! डाव्या कडेनं असा सुसाट सुटतो, पण चेंडू पायाला चिकटलेला. कुणी शिकवलं? मी!"

"तू? विल्मार, तुला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही."

"शाळेच्या संघात दोन महिने होता माझ्याकडे!"

"अरे, काल पोरगं स्वतः रेडिओवर सांगत होतं. त्यांच्या मैदानाच्या डाव्या कडेला एका म्हातारीची भिंत होती म्हणे. चेंडू पलीकडे गेला की बया सुरीनं फाडायची आणि वर चिंध्या परत फेकायची."

"चेटकीणच की!"

"पण तिच्या धाकानंच पाय तयार झाला ना त्याचा!"

"आहे का अजून?"

"छे! असती तर आज कुठल्या तोंडानं बाहेर पडली असती?"

इतक्यात गल्ल्यावरून बेकरीवाली ओरडली, "नेलिडाआजी, रेडिओवर यामिलनं तुमच्या भिंतीचं नाव काढलं की हो!"

दोघे गडी गर्रकन मागे वळले. विल्मारनं टोपी काढली.

"आजी, तुम्ही... पुढं या ना."

"येते. अकरा फाडले मी," पुढे सरकत ती म्हणाली. "बारावा काही त्या द्वाडानं येऊ दिला नाही. वाट बघून बघून सुरी गंजली माझी."