नितेश घाडी झेंडावंदनानंतर घरी न आल्याबाबत

नाव केयूर नंदकुमार सबनीस, वय २०, कॉलेजात शिकतो, राहणार मुलुंड पूर्व.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, आमच्या खालच्या मजल्यावर नितेश घाडी, वय ३१, हा बहीण अक्षता हिच्यासोबत राहतो. तो आर्मीत स्पेशल फोर्सेसमध्ये कमांडो आहे, सध्या मेडिकल लीव्हवर आहे. मला डिफेन्सची खूप आवड आहे, मी आर्मी ऑफिसर व्हायच्या सीडीएस परीक्षेची तयारी करतोय, म्हणून त्याच्याकडे जायचो. मी त्याला दादा म्हणतो.

मागच्या वर्षी बॉर्डरजवळच्या जंगलात त्यांचं ऑपरेशन फसलं. टीमला घेरलं होतं. फक्त दादा परत आला, पायात गोळी, नाल्यातून सरपटत. मी त्याला रूट, वेपन, सगळं विचारायचो. तो म्हणायचा, "तुला तर सगळं पाठ आहे रे. मीच तुला विचारायला पाहिजे." रेडिओ बंद पडल्यावर काय केलंत, असं एकदा विचारलं. तो म्हणाला, "थंडी होती."

सव्वीस जानेवारीला सोसायटीने त्याचा सत्कार ठरवला. तो नको म्हणाला होता. "झेंड्याला खाली येईन, सॅल्यूट मारीन, वर जाईन. शाल-नारळ नको." मला वाटलं, लाजतोय. टीममधला सौरभ मेस्त्री त्याचा जिगरी दोस्त, तो शहीद झाला. सौरभची आई सुगंधाकाकी कणकवलीजवळ राहतात. त्यांच्या हातून दादाचं औक्षण करायचं, ही आयडिया माझी. सरप्राइज होतं, म्हणून अक्षतादीलाही बोललो नाही. मी फोन केला तेव्हा काकी लगेच हो म्हणाल्या. म्हणाल्या, "माझो सौरभ जाग्यारच गेलो, तरास झालो नाय त्याका. नितेशान सांगल्यान म्हणान माका झोप लागता."

काल सकाळी झेंडावंदन झाल्यावर दादाला शाल घालून खुर्चीवर बसवलं. अँकरिंग मी करत होतो. मी काकींचं नाव पुकारलं, त्या ताट घेऊन पुढे आल्या. दादा उठून उभा राहिला. काकींनी कुंकू लावलं, ओवाळलं. मग त्याच्या गालाला हात लावून विचारलं, "शेवटाक सौरभ काय बोल्लो रे?"

सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी माईक दादाच्या तोंडापुढे धरला. तो आधी माईककडे बघत राहिला. मग म्हणाला, "काकी, तो मला थांब म्हणत होता. मी निघालो तेव्हा तो जिवंत होता."

ओवाळून झालं की वाजवायचं, असं मी ढोलवाल्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मागे बसलेले काही लोक टाळ्या वाजवत होते. दादाने शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि तो गेटबाहेर गेला. कोणी अडवलं नाही. मी पण नाही.

त्याची काठी, मोबाइल, पाकीट मागेच राहिलं आहे. मी आणि अक्षतादीने हॉस्पिटलं बघितली, मुलुंड ते कुर्ला सगळ्या स्टेशनांवर विचारलं. वर्णन: अंगात पांढरा शर्ट, काळी पँट, डाव्या पायाने लंगडतो, कपाळाला कुंकू. कार्यक्रमाचा व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये आहे, तो साहेबांना दिला आहे. अक्षतादी माझ्याशी बोलत नाही.

सुगंधाकाकी आज गावी गेल्या. जेवल्या नव्हत्या. त्यांना स्टेशनवर सोडायला मी आणि अक्षतादी गेलो होतो. दादा सापडला की फोन करते, असं अक्षतादी त्यांना म्हणाली. गाडी सुटताना काकी खिडकीतून म्हणाल्या, "जिवंत गावलो तर माका सांगू नको."

माझं मराठी वाचन कच्चं असल्याने हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरवला आहे, त्यात काही बदल नाही, म्हणून खाली सही करतो.