‘नको’चं बटण

…मला? मला शिकवणार? अहो, तुम्हाला सांगतो, नवा कम्प्युटर, जावयाने आणून लावलेला, चालू केला न केला तोच पडद्यावर अक्षरं, ‘नमस्कार! आपलं स्वागत आहे. चला, दोन मिनिटांत ओळख करून घेऊ!’ अरे, ओळख ना पाळख, घर माझं, टेबल माझं, वीजबिल माझं, आणि स्वागत तू करणार माझं? खाली दोन बटणं, ‘दाखवा’ आणि ‘नको’. मी ‘नको’ दाबलं. असं दाबलं की बोट दुखलं!

कारण मी कोण? सव्वीस वर्षं पंपांच्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहिल्यात मी! ‘वापरण्यापूर्वी ही पुस्तिका संपूर्ण वाचा’, हे वाक्य माझं! न वाचता पंप जाळून आणणाऱ्यांना ‘डोळे आहेत की खाचा?’ म्हणून झापणाराही मीच. मला शिकवणार?

तर निवृत्तीनंतर तीन वर्षांनी कारखान्याचा फोन, ‘साहेब, नव्या पंपाची पुस्तिका तुम्हीच लिहा, आज पाचपर्यंत पाठवा.’ तुम्हीच! कुणाला तरी मी हवा होतो हो… खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. नऊ पानं लिहिली, ‘जतन करा’ दाबलं, आणि गेली! कुठे गेली? मलाच विचारताय? साडेचार वाजलेले! जावयाला फोन केला, तर तो म्हणतो, ‘बाबा, ते सुरुवातीच्या स्वागतात दाखवतात. बघितलं नाहीत?’ म्हटलं, ‘बघितलं तर! पण… पुन्हा येईल ना ते?’ ‘म्हणजे तुम्ही नको म्हणालात! मग कशाला येईल?’ घ्या! एवढा मानी पाहुणा आमच्या सोयऱ्यांतसुद्धा नाही!

पावणेपाच. आमची ही, मिक्सरची पुस्तिका डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घालणारी बाई, हात पुसत आली. ‘सरका जरा.’ ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ दोनदा टिकटिक, नऊच्या नऊ पानं हजर! ‘अगं, कसं काय?’ तर म्हणते, ‘जावईबापूंनी माझंही नाव घातलंय यात. मलाही या कम्प्युटरने विचारलं, दाखवू का? म्हटलं, दाखव बाबा. एवढ्या गोडीने या घरात मला कोण विचारतंय?’

पाचला दोन मिनिटं कमी असताना पुस्तिका गेली. थोड्या वेळाने फोन, ‘फर्स्ट क्लास, साहेब! फक्त ते “संपूर्ण वाचा”वालं पहिलं पान काढून पुन्हा पाठवा. कुणी वाचत नाही हो!’

आपणहून सरकलो आणि हिला विचारलं, ‘पान कसं काढतात गं?’

‘दाखवू?’ म्हणाली.

आता हिच्यात ‘नको’चं बटण कुठे शोधू?