रणधीराच्या घासाला कावळा शिवला

रुसलेले जावई म्या लई बघितले, पर मोबाईलमधल्या माणसापायी उपाशी बसलेले एकच, आमचे वाशीचे नातजावई. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला आले आन् भरल्या ताटावरनं उठले.

"आज्जी, माझा रणधीर गेला. दोन वर्सं खेळून वाढवला हुता. राक्षसानं मारला."

"खेळातला व्हय, बापू?"

"तुम्हाला न्हाय कळायचं."

जावई उपाशी गेले तर गावात तोंड कुठं दाखवू? म्हणलं, आधी मेल्याला वाटंला लावू. पत्र्यावर भाताचा घास ठिवला. कावळा आला, पर शिवंना. मेल्याची इच्छा राहिली की असंच करतो.

म्या हात जोडले, "रणधीरा, बापूंना ह्यो खेळ सोडाय लावते."

कावळ्यानं तोंड फिरवलं.

नात म्हणली, "रणधीरा, आता हे माझ्याशी चार शब्द बोलतील."

कावळा आणखी मागं सरला.

तवर बापूच ओरडले, "रणधीरा, त्या राक्षसाला मारल्याबिगर मोबाईल ठिवणार न्हाय!"

कावळ्यानं झडप घालून घास उचलला.

बापू पुरणाचे सात धोंडे जेवले आन् मोबाईल घिऊन बसले. नात माझ्याकडं डोळे वटारून बघाय लागली.

म्हणलं, "कावळ्याम्होरं दिलेला शब्द हाय, बाई. आता मला बी मोडता येत न्हाय."