महिपतकाकांचा ठिपका

— नाही गो बाय, चार्जर नको मला. फोनाला काय धाड भरलेय, फोन उत्तम आहे! मला पैसे भरायचेत. होय, भरायचेत. पैसे द्यायला उभा आहे नि घ्यायला कोण तयार नाही — हे अ‍ॅपचं दुकान असतं ना फोनात, त्याला रोख चालत नाही. बरं, नको चालू दे. यूपीआय आहे की माझ्याकडे! आमची जनी मासळीवाली टोपली खाली ठेवायच्या आत तिचा डबा पैसे आल्याचं ओरडतो. जनीला चालतं, तुझ्या दुकानासमोरच्या पानवाल्याला चालतं, नि एवढं जगभराचं दुकान, त्याला चालत नाही.

कसलं अ‍ॅप? बोटीचं गो. कुठली बोट कुठे आहे ते ठिपक्याने दाखवतं. किनाऱ्याजवळ असली तर फुकट, भर समुद्रात गेली की म्हणतं, पैसे भरा. कोलंबो सोडलंन् नि ठिपका गायब. कोणी सोडलंन्? बोटीने. सर्वेश आहे तिच्यावर, माझा मुलगा. त्यालाच विचारू? छे! बोलत नाही मी त्याच्याशी, शिमग्यापासून. तूच सांग — दुसऱ्या दिवशी पालखी आमच्या दारात यायची, अंगण सारवलेलं, नि हा बॅग घेऊन रिक्षात बसला. कंपनीचं बोलावणं आलं म्हणे. माझ्या अंगणात पालखी शेजाऱ्यांच्या पोरांनी नाचवली. मग कशाला बोलू? आमची ही बोलते की त्याच्याशी. आधी स्वयंपाकघरात स्पीकर लावून बोलायची, मी आपला ओटीवर पेपर वाचायचो. हल्ली फोन घेऊन मागीलदारी जाते. म्हणते, ऐकायचंय तर स्वतः बोला. आता मला कुठे ऐकायचं असतं? टीव्हीवर तिकडचं वादळ दाखवतात, म्हणून आपलं बघतो, ज्ञान म्हणून. परवा आरे-वारेच्या चढावर, समुद्र दिसतो तिथे, स्कूटर थांबवून उभा होतो, ते हवा खायला. तिथून कोलंबोची बोट दिसत नाही एवढं कळतं मला.

बघ बघू, काय म्हणतोय? मोठ्याने वाच. 'खरेदीसाठी कुटुंबप्रमुखाची परवानगी मागा.' ऐकलंस? कुटुंबप्रमुख कोण — सर्वेश! हा फोन त्यानेच दिलान्, त्यानेच जोडून दिलान्, नि कोणी फसवू नये म्हणून मला लहान मुलांत घातलान्. कार्ड त्याचं, हुकूम त्याचा. गावात महिपतकाका म्हणून देवळातला पहिला नारळ माझा, नि फोनात मी बाळ!

दुसरी वाट आहे म्हणतेस? खाली, बारीक अक्षरात? 'कुटुंबातून बाहेर पडा.' मग माझं यूपीआय चालेल? अस्सं! दाब मग. दाब, दाब, मी काय भितो काय — थांब. त्याला कळतं का हे? कळतं? म्हणजे काय, 'तुमचे वडील कुटुंबातून बाहेर पडले' असं जातं? तिकडे, बोटीवर? नको. नको गो, काढ ते बोट तिथून. काय रीत म्हणायची ही पैसे घ्यायची! एवढी हुशार माणसं बसवलीत तिकडे, नि दोनच वाटा — मुलापुढे हात पसरा, नाहीतर घर सोडा. आण तो फोन इकडे, बंदच करून टाकतो मेल्याला — अरे! अंगठा लागला. काय झालं? 'विनंती पाठवली'? परत घे ती! परत घेता येत नाही? अगो पण त्याला वाटेल, म्हातारा रात्रंदिवस माझी बोट बघत बसतो —

काय वाजलं? मंजूर? इतक्यात? अगो, कसली विनंती ते तरी वाचलान् की नाही...

थांब, हलू नको. हा. हा बघ ठिपका. ही त्याची बोट. सरळ चाललेय गो, छान सरळ चाललेय.

आता परत काय वाजतंय? दे इकडे, वाचता येतं मला नाव. तू काय बघतेस तोंडाकडे? जा, ते गिऱ्हाईक बघ तुझं, खोळंबलंय कधीचं. जा म्हणतो ना.

हां. नाही रे, चुकून दाबलं गेलं... वारा कसा आहे तिकडे?