निरोप कुणाला धाडायचा

ताई : मग टाक ना हे लोकांचे फोटो ठेवायचं संकेतस्थळ एकदाचं बंद करून! आठवडाभर तेच ऐकतेय, आज करतो, उद्या करतो.

धाकटा : करणारच आहे. ही एवढी डिस्क बदलून झाली की.

ताई : डोळे बघ आरशात. दवाखान्यात ड्यूटी माझी आणि तोंड उतरलंय तुझं. ते दोन दोस्त कुठे गेले? संस्था काढली तेव्हा छाती काढून फिरत होतात तिघं.

धाकटा : एकाला मूल झालं. दुसरा कंपनीत लागला.

ताई : कुठल्या?

धाकटा : त्याच. जिच्या तावडीतून लोकांचे फोटो सोडवायला आम्ही हे उभं केलं, तिथेच. मजेत आहे म्हणे.

ताई : आणि तू बसलायस लष्कराच्या भाकऱ्या भाजत.

धाकटा : काल एका बाईंनी तक्रार टाकली, 'फोटो उघडायला इतका वेळ? लाज नाही वाटत?'

ताई : काय उत्तर दिलंस?

धाकटा : वाटते, असं कळवलं.

ताई : वेडा आहेस. सगळ्यांना निरोप धाड, महिन्याभरात आपापले फोटो उतरवून घ्या. सुटलास.

धाकटा : कुणाला धाडू?

ताई : म्हणजे? जे वापरतात त्यांना!

धाकटा : ते कोण, मला माहीतच नाही. आम्ही कुणाचं नाव घेतलं नाही, नंबर नाही, ईमेल नाही. टोपणनाव टाका, आत या. तोच तर आमचा बाणा होता. भाषणं ठोकलीत मी त्यावर.

ताई : अरे कर्मा!

धाकटा : आत आलं की दिसेल अशी सूचना लावलीय. पण कित्येक जण वर्ष वर्ष फिरकत नाहीत. ठेवून गेलेत निर्धास्त.

ताई : त्यांचं काय मग?

धाकटा : पुसलं जाईल. कुणाचं लेकरू असेल त्यात, कुणाचा गेलेला बाप. परत कुठून आणून देऊ?

ताई : म्हणजे तुला हे बंद करताच येत नाही.

धाकटा : दमलोय गं ताई. खरंच दमलोय. सकाळी उठलो की आधी वाटतं, आज आपोआपच बंद पडलेलं असू दे. आणि मग धावत येऊन बघतो, चालू आहे ना.

(ताई खुर्ची ओढून घेते.)

ताई : सरक. तक्रारी कुठे येतात तेवढं दाखव, आणि जाऊन झोप.